रेइनोची जड गोळी

आमच्या शिकारीच्या कॅम्पात शेगडीच्या वरच्या भिंतीवर शर्टांच्या शेपट्या ठोकलेल्या आहेत. हरणावरचा नेम ज्याचा चुकेल त्याच्या शर्टाचं मागचं टोक त्याच संध्याकाळी कात्रीनं कापायचं, त्यावर नाव आणि साल लिहायचं आणि भिंतीवर खिळा मारायचा, हा नियम माझ्या वडिलांच्या वेळेपासूनचा. त्यावर अपील नाही. पाद्र्याची शेपटी तिथं आहे, शेरीफची आहे. माझ्या तीन आहेत, त्यातली एक रेशमी, कारण त्या वर्षी मी अक्कल घरी ठेवून चांगला ब्लाऊज घालून गेले होते. रेइनो कांगासची मात्र एकही नव्हती, आणि ही गोष्ट तो दरवर्षी पहिल्या कॉफीच्या आत कुणाला ना कुणाला ऐकवायचाच.

रेइनो माझा मेहुणा, माझी थोरली बहीण लेम्पी हिचा नवरा. उंचीला बेताचा, रुंदीला भरपूर. त्यानं सदतीस वर्षं काउंटीचा बर्फ ढकलायचा ट्रक चालवला. मिशिगनच्या या वरच्या टोकाला ज्याचा ट्रक जड तो रस्त्यावर राहतो आणि ज्याचा हलका तो खड्ड्यात जातो, तेव्हा त्याचा वजनावर विश्वास बसला तो कायमचाच. बूट जड हवेत, राय धान्याचा पाव जड हवा, सौनातले, म्हणजे वाफेच्या न्हाणीतले, दगड जड हवेत, पाद्र्याचं प्रवचनही जड हवं, मग एक अक्षर कळलं नाही तरी चालेल. पास्टी, म्हणजे मांस-बटाटा भरलेली मोठी करंजी, हातात घेतली की खायच्या आधी तो ती तोलून बघायचा. एकदा माझी पास्टी त्यानं तोलली आणि परत ठेवली. ते मी अजून विसरलेले नाही.

तळघरात त्याचं काडतुसं भरायचं टेबल होतं आणि टेबलावर एक छोटा काटा. आम्ही गोळीचं वजन ग्रेनमध्ये बोलतो, आणि एक ग्रेन म्हणजे जेमतेम एक दाणा. तेवढा फरकही तो काटा दाखवायचा. रेइनोची स्वतःची बंदूक दोनशे वीस ग्रेनची गोळी मारायची. त्यानं हरीण तर मरायचंच, पण मागचं झाडही कापून न्यायच्या लायकीचं व्हायचं.

मी आयली. आमच्या कुइवाला गावातलं हार्डवेअरचं दुकान नवरा होता तेव्हाही मीच चालवत होते आणि तो गेल्यावरही मीच चालवते. नोव्हेंबरची पंधरा तारीख, म्हणजे शिकारीचा पहिला दिवस, जवळ आली की सगळ्या गावातले पुरुष माझ्या काउंटरवर कोपरं टेकून गोळीच्या वजनावर बोलतात. बायकोचा वाढदिवस विचारा, छताकडे बघतील. काका कुठल्या साली किती ग्रेननी हरीण मारत होता ते विचारा, घडाघडा सांगतील. माणूस जितका किडकिडीत तितकी तो गोळी जड मागतो असा माझा अनुभव आहे. याहून जास्त मी बोलत नाही, कारण मी चर्चला जाते.

लहान नळीच्या बंदुकीचं तर सगळंच नाजूक. सहा मिलिमीटरच्या नळीतून सत्तर ग्रेनची गोळी कोल्ह्याला ठीक, पण हरणाला लागली तर कातड्याखालीच फुटते आणि बिचारं हरीण दलदलीत जाऊन दोन दिवसांनी मरतं. शंभराच्या वरची गोळी आत खोल जाते, पण ती लांब असते, आणि लांब गोळीला गिरकी जोराची लागते. नळीच्या आत स्क्रूसारखे आटे असतात, ते गोळीला भोवऱ्यासारखी फिरवून सोडतात. आटे जवळजवळ असले तर जड गोळीही सरळ जाते. आटे दूरदूर असले तर भोवरा लडबडतो तशी ती लडबडते आणि मनाला येईल तिकडे जाते. म्हणून मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते, तुला काय आवडतं ते राहू दे, तुझ्या नळीला काय पचतं ते कागदावर नेम धरून बघ. दहातले आठ जण मान डोलावतात आणि जड डबा घेऊन जातात.

लेम्पीनं तिची बंदूक १९६३ साली घेतली, गाव सोडून चाललेल्या एका दाताच्या डॉक्टरकडून. सहा मिलिमीटरचीच, हलकी, देखणी, आणि आटे दूरदूरचे. डॉक्टर तिच्यातून नव्वद ग्रेनच्या गोळ्या मारायचा आणि तसं त्यानं सांगितलंही होतं. रेइनोनं बंदूक हातात घेऊन तोलली.

"चिमण्या मारायला घेतलीस का?"

"तुला खायला घालायला घेतली," लेम्पी म्हणाली. ती शाळेच्या स्वयंपाकघरात दीडशे पोरांना जेवायला वाढायची. रेइनो तिला एकशे एकावन्नावा.

रेइनोला तिची दया आली. त्या नळीसाठी मिळते त्यातली सगळ्यात जड गोळी, एकशे पाच ग्रेनची, त्यानं मागवली आणि तीन संध्याकाळ तळघरात बसून दहा काडतुसं भरली. एकेक काट्यावर तोलून. मग लाल लोकरीच्या धाग्यानं जुडी बांधली, चिठ्ठीवर साल लिहिलं आणि तिच्या ताटाशेजारी ठेवली.

"घे. आता ही बंदूक माणसात आली. आणि कागदावर फुकट घालवू नकोस, डॉक्टरनं नेम लावून दिलाय."

त्या वर्षी पहिल्याच सकाळी सत्तर पावलांवर, आडवं, बघत उभं असलेलं हरीण लेम्पीकडून चुकलं. ते दचकलंसुद्धा नाही म्हणे, जरा वेळ उभं राहून निघून गेलं. संध्याकाळी रेइनोनं स्वतःच्या हातानं तिच्या पिवळ्या फुलांच्या फ्लॅनेलच्या शर्टाची शेपटी कापली, त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'लेम्पी कांगास, १९६३', आणि शेगडीच्या बरोबर वर ठोकली. पुढं दर हंगामात तो त्या शेपटीकडं बोट दाखवून विचारायचा, "लेम्पी, हरीण आणखी किती मोठं हवं होतं गं?" सगळे हसायचे. लेम्पीही हसायची. मला मात्र दरवेळी त्या माणसाच्या डोक्यात कॉफीची किटली घालावीशी वाटायची, कारण मला खरं माहीत होतं.

झालं होतं असं. नेम चुकल्यावर आठवड्याभरात लेम्पी दुकानात आली आणि म्हणाली, "चल, खडीच्या खाणीत जाऊ." आम्ही कागद लावला. तिनं रेइनोच्या दोन गोळ्या झाडल्या. एक कुठं गेली ते परमेश्वरालाच ठाऊक. दुसरी कागदाला लागली, पण भोक गोल नव्हतं. लांबट होतं, गोळी आडवी पडून आत शिरल्यासारखं. मग तिनं डॉक्टरनं दिलेल्या जुन्या काडतुसांतली तीन झाडली. तिन्ही भोकं एका कपाच्या बुडाखाली झाकली गेली असती.

"नळीला जड गोळी पचत नाही," मी म्हटलं. "तुझा नेम चुकलाच नव्हता, लेम्पी. त्याच्या गोळीनं लोळण घेतली."

लेम्पी त्या आडव्या भोकाकडं बघून हसायला लागली ती बर्फात बसेपर्यंत हसली. मला काही हसू येईना.

"ऊठ. हा कागद घेऊन जा आणि त्याच्या नाकावर चिकटव."

"नाही. सांगायचं नाही त्याला."

"वेड लागलंय का? शेपटी कापली ना तुझी?"

"शर्टाचीच कापली, माझी कुठं कापली? आयली, तू त्याला त्या टेबलाशी बसलेला बघितला नाहीस. जीभ बाहेर काढून बसतो, पहिलीतल्या पोरासारखा. लग्नात पाद्री विचारत होता तेव्हासुद्धा एवढं लक्ष नव्हतं त्याचं." मग तिनं माझं मनगट धरलं. "त्याला कळता कामा नये. मी मेले तरी. शपथ घे."

मी घेतली. अठ्ठावीस वर्षांची होते, मरण कुठं दिसत होतं.

मग दरवर्षी तोच खेळ. नोव्हेंबरात रेइनो लाल धाग्याची जुडी तिला द्यायचा. ती जुडी जशीच्या तशी माझ्याकडं यायची आणि कॉफीच्या डब्यात पडायची. त्या बदल्यात मी तिला नव्वद ग्रेनची दहा काडतुसं भरून द्यायची, त्याच बनावटीच्या पितळी पुंगळ्यांत. हंगाम संपला की ती माझ्या दहा रिकाम्या पुंगळ्या रेइनोला परत करायची आणि पुढच्या वर्षी तो त्याच भरायचा. एरवी सहा-सात वेळा भरली की पुंगळी मानेशी तडकते. रेइनोच्या कधी तडकल्या नाहीत. तडकतील कशा, दरवर्षी नव्या जात होत्या. तो त्याचं श्रेय आपल्या हातगुणाला द्यायचा आणि काउंटरवर लोकांना पुंगळी कशी जपावी यावर व्याख्यान द्यायचा. मी मागं वळून खिळे मोजत उभी राहायची.

एकतीस हंगामांत लेम्पीनं सव्वीस हरणं पाडली आणि तिची दुसरी शेपटी कधीच निघाली नाही. "बघा," रेइनो सगळ्यांना सांगायचा, "बंदूक चिमणीची आहे, पण गोळी कुणाची? एकशे पाच." त्याचं ऐकून निम्म्या गावानं लहान बंदुकांसाठी एकशे पाचचे डबे नेले. ज्यांच्या नळीचे आटे जवळचे होते ते खूश झाले. बाकीचे शिव्या देत परत आले आणि मी मुकाट्यानं डबे बदलून दिले. उचलली जीभ लावली टाळ्याला हे रेइनोचं काम, आणि टाळ्याला लागलेली जीभ गप्प ठेवायची हे माझं.

चौऱ्याण्णवच्या मार्चमध्ये लेम्पी गेली. पोटात दुखतंय म्हणून डॉक्टरकडं गेली आणि तीन आठवड्यांत संपली. मला अजून त्याचा राग येतो. कुणाचा ते सांगता येत नाही, पण येतो. जमीन गोठलेली होती म्हणून पुरायला मे महिना उजाडला, आणि तोवर रेइनो रोज सकाळी माझ्या दुकानात येऊन काहीही न घेता उभा राहायचा. मी वेलदोड्याचा पाव कापून त्याच्यापुढं ठेवायची. तो उचलून तोलायचा आणि खायचा. आम्ही दोघंही तिच्याबद्दल बोलत नसू.

जूनमध्ये त्याच्या खांद्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरनं सांगितलं, त्या तोफेचा दणका पुन्हा या खांद्यावर घ्यायचा नाही. ऑक्टोबरमध्ये तो दुकानात आला आणि काउंटरच्या लाकडाकडं बघत म्हणाला, "यंदा मी लेम्पीची बंदूक नेतो."

"ने की."

"दहा भरली काल. सवयीनं लाल धागा बांधला. मग सोडला." आणि तो निघून गेला.

मी त्याच वेळी बोलायला हवं होतं. बोलले नाही.

तीन दिवसांनी तो पुन्हा आला, बरोबर शेजारचा ऑर्व्हिल ट्रेम्बाथ. ऑर्व्हिल कॉर्निश खाणकामगारांच्या वंशाचा, एक गोष्ट सांगायला घेतली की तिला तीन पिल्लं होतात. रेइनोनं कागद काउंटरवर पसरला. आठ गोळ्या झाडल्या होत्या आणि कागदावर भोकं दोन, दोन्ही लांबट.

"दुर्बीण ढिली आहे," ऑर्व्हिल म्हणाला. "नाहीतर वारा. नाहीतर कागद ओला. माझ्या मेव्हण्याचं एकदा असंच झालं होतं, तर त्याला नंतर मूळव्याध निघाली."

"दुर्बीण घट्ट आहे," रेइनो म्हणाला. "मी बघितली."

"भोक आडवं आहे, रेइनो," मी म्हटलं. "गोळी लोळतेय. नव्वदची घेऊन बघ."

"नव्वद? नव्वद काय, वाटाणे घालू का नळीत?"

"नळीला जड पचत नसेल."

"एकतीस वर्षं पचली. लेम्पीनं एकतीस वर्षं हीच गोळी मारली, सव्वीस हरणं पाडली." त्यानं कागदाची घडी घातली. "बंदूक तीच. गोळी तीच. भरणारा मीच. मग बदललं काय, सांग."

ऑर्व्हिलनं काउंटरवरचे खिळे चाळायला घेतले.

"मारणारा बदललाय," रेइनो म्हणाला. "डोळा गेला आणि हातही गेला. बासष्टाव्या वर्षी सगळ्यांचं होतं, माझंही झालं. जखमी हरीण दलदलीत सोडून यायला मी जाणार नाही. दहा तारखेला मार्केट शहरातला तो जुन्या बंदुका घेणारा येतोय, त्याला हिची देऊन टाकतो. माझीही देतो. कॅम्पात या वर्षीपासून तुम्ही दोघंच जा."

हे त्यानं अगदी शांतपणे सांगितलं, म्हणून मला भीती वाटली. तो ओरडला असता तर मी परत ओरडले असते. त्या माणसाकडं बायको राहिली नव्हती, बर्फाचा ट्रक राहिला नव्हता, खांदाही धड नव्हता. राहिला होता तो नेम. तोही आता गेला असं त्याला वाटत होतं, आणि ते खोटं होतं, आणि खोटं आहे हे जगात एकट्या मला माहीत होतं. लेम्पीच्या शपथेसाठी मी त्याला घरी बसून वाळू द्यायचं? त्या दिवशी मी दफनभूमीत जाऊन तिला मोठ्यानं शिव्या दिल्या. पाद्री कुंपणापलीकडून बघत होता. त्यानं टोपी काढली आणि पुन्हा घातली.

मग मला वाटलं, जे एकतीस वर्षं चाललं ते आणखी एकदा चालेल. मी रेइनोला म्हटलं, "विकायच्या आधी बंदूक माझ्याकडं ठेव, स्क्रू तपासते. उरलेल्या गोळ्याही दे, पुन्हा झाडून बघ." त्यानं नवी आठ भरून पहिली दहाची जुडी पुरी केली आणि दिली. मी भर दुपारी दुकानाचं दार लावून त्यांच्याऐवजी दुसरी दहा काडतुसं नव्वद ग्रेनच्या गोळीनं भरली, बंदुकीची दारू दोन ग्रेन जास्त घालून. नव्वदची गोळी आखूड असते, म्हणून ती पुंगळीतून जरा बाहेर ठेवली आणि लांबी बरोबर जुळवली. बाहेरून बघून कुणाला काही कळलं नसतं. बंदूक आणि या दहांचा डबा परत दिला आणि म्हटलं, "एक स्क्रू ढिला होता. जा, झाडून बघ."

हात दाखवून अवलक्षण. सगळ्या जगाला फसवता आलं असतं, पण ज्या माणसानं पास्टीसुद्धा तोलून परत ठेवली त्याला वजनात फसवायला निघाले मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दुकानात आला तो काटा हातात घेऊनच. काउंटरवर काटा मांडला, त्याच्यावर एक काडतूस ठेवलं.

"तेरा ग्रेननी हलकं आहे. दहाच्या दहा. माझी नाहीत ही."

"झाडलीस का?"

"मी काय विचारतोय?"

"झाडलीस का ते सांग आधी."

"झाडली चार." त्यानं खिशातून कागद काढला. चार भोकं, चारही गोल, माझ्या तळहाताखाली मावतील अशी. "आयली, ही हलकी गोळी या बंदुकीतून सरळ जाते आणि माझी जात नाही. मग लेम्पी काय मारत होती?"

मी दाराला 'बंद'ची पाटी लावली. मागच्या खोलीत गेले आणि कॉफीचे डबे एकेक करून आणले. सात होते. शेवटचा उचलताना माझी कंबर धरली, पण त्याला हात लावू दिला नाही. एक डबा मी काउंटरवर पालथा केला.

जुड्या पडल्या. लाल धागे विटून गुलाबी झालेले, चिठ्ठ्या पिवळ्या. ६४, ६५, ६६. गाठ त्याचीच, आणि एकही सुटलेली नाही. एक जुडी उचलून रेइनोनं तळहातावर तोलली, खाली ठेवली, दुसरी उचलली. मी सगळं सांगितलं, खाणीतलं, आडव्या भोकाचं, पुंगळ्यांचं. पुंगळ्यांचं ऐकून त्याचे कान लाल झाले. शपथेचंही सांगितलं, आणि सांगताना लेम्पीची माफी मागितली नाही. तिनंच मला या भानगडीत घातलं होतं.

सगळ्यात जुनी जुडी हाती आली तेव्हा तो थांबला. धागा नंतर पुन्हा बांधलेला होता, आणि काडतुसं सातच.

"यात तीन कमी आहेत."

"दोन खाणीत झाडली. एक कागदाला लागलीच नाही, एक आडवी लागली."

"आणि तिसरी?"

मी चिठ्ठी त्याच्याकडं वळवली. उत्तर द्यायची गरज नव्हती. तो '६३' लिहिलेल्या चिठ्ठीकडं बघत राहिला. बाहेर कुणीतरी दार ठोठावलं, ऑर्व्हिलच असणार, आणि मी ठोठावू दिलं.

मग रेइनोनं विचारलं, "ते आडवं भोक बघून ती काय म्हणाली?"

"हसली."

"खूप?"

"बर्फात बसली हसता हसता."

त्यानं मान हलवली. नाक पुसलं, तेही बाहीला. "मला वाटलंच होतं," तो म्हणाला. काय वाटलं होतं ते मी विचारलं नाही. मग त्यानं काटा उचलला, काखेत धरला आणि दारापाशी थांबला. "त्या नव्वदच्या गोळीमागं तू दारू किती घालतेस?"

"सांगते. पण आधी तो मार्केटवाला रद्द कर."

पंधरा तारखेला आम्ही कॅम्पात होतो, रेइनो, ऑर्व्हिल आणि मी. पहाटे तापमान उणे बारा होतं. रेइनो लेम्पीच्या मचाणावर बसला, आपल्या नाही. साडेआठला एक आवाज आला, हलका. त्याच्या तोफेची इतक्या वर्षांची सवय झाल्यामुळं ऑर्व्हिलला वाटलं कुणाच्या ट्रकचं टायर फुटलं. आम्ही गेलो तेव्हा हरीण पडल्या जागी होतं, शिंगांना सहा टोकं असलेलं, एका गोळीत गेलेलं. रेइनो शेजारी ओंडक्यावर बसून पास्टी खात होता.

"काय रे, चिमणीच्या बंदुकीनं?" ऑर्व्हिल म्हणाला.

"चिमणीच्या बंदुकीनं," रेइनो म्हणाला. "नव्वद."

ऑर्व्हिलनं माझ्याकडं बघितलं. त्यानं 'नव्वद' हा आकडा रेइनोच्या तोंडून शिवीशिवाय कधी ऐकला नव्हता.

संध्याकाळी सौना झाली, हरीण बाहेर टांगलं, कॉफी उकळली. रेइनो धुवट शर्ट घालून शेगडीपाशी आला. त्यानं खिळ्यावरची कात्री काढली आणि माझ्या हातात दिली. मग शर्ट विजारीतून बाहेर ओढला आणि माझ्याकडं पाठ केली.

"काप."

"अरे, तुझं हरीण तर पडलं," ऑर्व्हिल म्हणाला. "बाहेर लटकतंय. मी यकृत खाल्लं त्याचं."

"काप, आयली."

मी कापली. कात्री बोथट होती, कापड जाड, आणि डोळ्यांत पाणी आल्यामुळं रेघ वाकडी गेली. जरा जास्तच वर गेली, त्याच्या अंतर्वस्त्राचा वरचा काठ दिसायला लागला. त्यानं ती शेपटी टेबलावर पसरून पेन घेतलं आणि जीभ बाहेर काढून, हळूहळू, मोठ्या अक्षरात लिहिलं. मग स्टुलावर चढून पिवळ्या फुलांच्या शेपटीचा खिळा उपटला. ती शेपटी घडी करून शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली आणि त्याच भोकात, त्याच खिळ्यानं, आपली ठोकली.

ऑर्व्हिलनं चष्मा लावून वाचलं. "'रेइनो कांगास, १९६३'. म्हाताऱ्या, साल चुकलंय. चौऱ्याण्णव चालू आहे."

"साल बरोबर आहे," रेइनो म्हणाला, आणि उघड्या कमरेनं स्टुलावरून उतरून त्यानं कपात कॉफी ओतली.